नाव घ्या

पोळा उद्यावर होता.
पुलाच्या फळ्या उखडल्याला पाचवा दिवस.
चांद्याहून साहेब आला, मागे शिपाई,
आणि छत्रीखाली पडशानं बेजार एक कारकून.
दौतीत नाक गळू नये म्हणून
तो मान तिरपी धरून लिहायचा.
मी आठ वर्षांची. मला तेवढंच नीट दिसत होतं.

गावात बाप्या म्हणून उरलेला एक आंधळा गुरव
आणि पाळण्यातली लेकरं.
बाकीचे इरईपल्याड, सागाच्या रानात.

बायका पारासमोर ओळीनं बसवल्या.
"नवऱ्याचं नाव घे."
कौतिकानं पदर दातात धरला.
"नाव घेत नसतेत जी आमच्यात."

साहेब हसला. त्याला वाटलं, लाज.
कौतिका पुढं म्हातारपणी सांगायची,
"पयले लाजच होती व.
मंग पाहतो त काय, मागची बी थेच म्हणे,
तिच्या मागची बी."

"पोराचा बाप," दुसरी म्हणाली.
"मले पोर नाई. सासूचा लेक," तिसरी.
"मग सासूचं नाव सांग."
"थेही घेत नाई जी."

बयना उठली. म्हणे, घेतो, पण उखाण्यात घेतो.
कारकुनानं टाक बुडवला.
"अंबाडीच्या भाजीवर जवसाचं तेल,
हौसाराव गेले वावरात, याले होईल येळ."
त्यानं लिहिलं: हौसाराव, फरारी.
हौशा तिच्या गोठ्यातला बैल.
आमच्या मागंच उभा होता, रवंथ करत.

कुणीतरी फसकन हसलं
आणि साहेबाला कळलं.

पुढचं थोडक्यात सांगते.
बंदुकीचा दस्ता पुतळाच्या मनगटावर बसला.
बांगड्या फुटल्या, त्यांच्याआधी हाड.
ज्वारीच्या कणग्यांत घासलेट ओतलं.
भाकर थापताना तिचा एक तळवा
जन्मभर आभाळाकडे वळलेला राहिला.
नाव कुणी घेतलं नाही.

ओळीच्या टोकाला लहानी, कोऱ्या कपाळाची.
"हिचा?"
"मेला जी, पटकीत."
कारकुनानं पान उलटलं.
ती बसली होती त्या गवताच्या पेंढीत
सब्बल होती,
आणि ओच्यात पुलाचे चौदा खिळे.
उठताना खिळे वाजू नयेत म्हणून
ती खूप वेळ खोकली.

संध्याकाळी खांदशेकणी.
बाप्यांचं काम, पण बैलांना काय माहीत.
बायांनी पळसाच्या पानानं
हळद-लोणी खांद्यांना चोळलं,
मग नदीकडं तोंड करून, बेंबीच्या देठापासून:
"आज आवतन घ्या, परवा जेवाले या!"
आंधळा गुरव वट्ट्यावरून ओरडला,
"उद्या व बायांनो, उद्या! पोळा उद्या हाये!"
"परवा!"
पल्याडच्या शिंदीत काहीतरी हललं
आणि मागं गेलं.
साहेबाचा तळ परवा पहाटे उठला.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा
ग्रामपंचायतीपुढं दगड लागला.
सरकारी कागदावरून उतरवलेली बारा नावं.
पहिलं कौतिकाच्या नवऱ्याचं.
ते मी इथं घेत नाही, सासरे लागतात माझे.
सासूचं मात्र घेतलंय,
वरतीच, तीनदा.
बारावं हौसाराव.
फित कापणाऱ्यानं तेही मोठ्यानं वाचलं
आणि बयनानं तोंडात पदर कोंबला.

लहानीचं नाही.
तिला तिचं कुणी विचारलंच नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या सांजेला मी जाते.
हौसारावाच्या अक्षरांत हळद-लोणी भरते.
त्याच्याखाली वीतभर दगड कोरा आहे,
उन्हानं अजून ऊन असतो.
तिथंही थोडं लावते.
"आज आवतन घ्या," म्हणते,
"लहानीबाई."